उजव्या बाजूने युरोप

बदलापुरात बसून युरोपातल्या सात देशांचा मोटारप्रवास आखणं अजिबात कठीण नाही. मी तो दोनदा आखला आहे.

पहिल्यांदा आखला तो लग्नात. म्हणजे माझ्याच लग्नात. सुजाताला मी शब्द दिला होता की मधुचंद्राला तुला आल्प्स दाखवीन. प्रत्यक्षात आम्ही माथेरानला गेलो, आणि सोबत माझी आई, आत्या आणि आत्याचं गुडघ्यांना लावायचं तेल. त्यानंतर बारा वर्षं सुजाताने आल्प्सचं नाव काढलं नाही. (बायको नाव काढत नाही म्हणजे ती विसरली, असं समजणारे नवरे अजून शिल्लक आहेत. मी त्यांच्यातलाच.) मग यंदा एप्रिलमध्ये तिने शाळेतून अठरा दिवसांची रजा मंजूर करून आणली आणि तो कागद माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"सप्टेंबर," ती म्हणाली. "या वेळी नाही झालं तर परत कधी मागणार नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. इतक्या शांतपणे बोलली की मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

"टूरवाल्यांबरोबर जाऊ या का? सगळं तेच बघतात," तिने विचारलं.

"कळपातून फिरायला मी काय मेंढरू आहे? वीस वर्षं गाडी चालवतोय. ज्याने कल्याण-कर्जत रस्त्यावर चालवली त्याला युरोप म्हणजे अंगण."

हे बोलायला नको होतं. पण तोंड उघडल्यावर ते वेळेत मिटायचं असतं, ही गोष्ट मला कोणी शिकवलीच नाही.

माझा मेहुणा संदीप, म्हणजे सुजाताचा धाकटा भाऊ, बातमी कळताच स्वतःहून टीममध्ये दाखल झाला. त्याचं उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. आजूबाजूचे सगळे दुकानदार सिंधी, त्यामुळे तो घरच्यांनाही "साईं" म्हणतो. "दाजी, टेन्शन नही लेने का साईं. रस्ता मी बघतो," तो म्हणाला. हा माणूस बदलापूरच्या मांजर्लीत आमच्या घरी येताना अजूनही दर वेळी चुकीच्या गल्लीत शिरून फोन करतो.

आम्ही दोघांनी हॉलच्या भिंतीवर नकाशा लावला. सुरुवात तीन देशांपासून झाली. मग संदीप म्हणाला, इतक्या लांब चाललोच आहोत तर चौथा बाजूलाच आहे. पाचवा मला रंगामुळे आवडला. आईने विचारलं, "वाटेत एखादं देऊळ लागत असेल ना रे?" म्हणून सहावा घ्यावा लागला. सातवा कसा आला ते खरंच आठवत नाही. सुजाता शाळेत भूगोल शिकवते. तिने नकाशा बघितला आणि म्हणाली, "अहो, मला आल्प्स बघायचाय. अख्खा अभ्यासक्रम नाही."

तरीही जुलैपर्यंत विमानाची तिकिटं झाली, व्हिसा झाला, तिकडची गाडीही ठरली, चालक म्हणून माझं नाव. आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवाना तेवढा काढायचा राहिला होता. तो काय, एक फॉर्म भरायचा, म्हणून मी शेवटाला ठेवला.

मला काळजी होती ती वेगळीच. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात. आयत्या वेळी सवय कशी होणार? म्हणून मी एका रविवारी सकाळी सात वाजता युरोपचा सराव ठेवला. बारवी धरणाच्या रस्त्यावर.

"हे येड्यासारखं करू नका," सुजाता म्हणाली.

"सायंटिफिक आहे," मी म्हणालो. मागच्या सीटवरून संदीपने मान डोलावली.

आता आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि मी गाडी घेतली रस्त्याच्या उजव्या कडेला. म्हणजे मी शेतांच्या बाजूला आणि सुजाता रस्त्याच्या मधोमध! समोरून येणारं प्रत्येक वाहन थेट आमच्यावर येत होतं. पहिला दूधवाला मोटरसायकल घेऊन गवतात उतरला. मग म्हशी आल्या. त्या मात्र गवतात उतरल्या नाहीत. पाच मिनिटं आम्ही समोरासमोर उभे होतो, शेवटी मीच गाडी मागे घेतली. डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेतलेले एक म्हातारे काका थांबून बघत होते.

"आरं, कंच्या बाजूनं चाललास रं?"

"युरोपला," संदीपने काच खाली करून सांगितलं.

काकांनी भारा खाली ठेवला. असं काही बघायला मिळणार असेल तर लावणी थोडी उशिरा झाली तरी चालेल, असा त्यांचा चेहरा होता.

पुढच्या वळणावर पावसाळी पिकनिकवाल्यांसाठी पोलिसांनी नाका लावलेला होता. आम्ही तिथे चुकीच्या बाजूने, इंडिकेटर देऊन, अगदी सावकाश पोचलो.

"प्यायलात का?" हवालदारांनी विचारलं.

"नाही साहेब, सराव करतोय."

"लायसन."

मी रुबाबात काढून दिलं. वीस वर्षांत दोन-तीनदा कोणी मागितलं होतं, आणि दर वेळी फोटो बघून परत दिलं होतं. यांनी ते वाचलं. सावकाश, दोनदा.

"साहेब, हे ट्रॅक्टरचं आहे."

गावी वडिलांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा माझ्या सख्ख्या काकांनी मला ते लायसन काढून दिलं होतं. पुढे गाडी आली, लायसन खिशात होतंच. त्यावर खाली काय लिहिलंय, हे कोण बघतं? पण जे लायसन आहे त्याचाच परदेशी परवाना मिळणार, आणि मोटारीचं नव्याने काढायचं तर सप्टेंबर उलटणार, एवढं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आल्प्स बुडाला होता.

"म्हणजे दाजी, तिकडे आपण ट्रॅक्टरने..." संदीप हळूच म्हणाला.

मी सुजाताकडे बघू शकलो नाही. बारा वर्षं वाट बघितली बिचारीने, आणि मी तिला बारवीच्या चिखलात आणून उभं केलं होतं. मला खरंच रडू येत होतं.

"गाडी नेणार कोण? दुसऱ्या कुणाकडे आहे लायसन?" हवालदारांनी विचारलं.

"नाही हो साहेब," मी म्हणालो.

"आहे," सुजाता म्हणाली आणि पर्समधून लायसन काढून दिलं. मोटारीचं.

अंबरनाथला तिच्या वडिलांचा केटरिंगचा धंदा होता. लग्नाआधी चार वर्षं ती भांड्यांनी भरलेली व्हॅन कॅम्प पाचच्या गल्ल्यांतून सिंधी लग्नांना पोचवायची.

"मला कधी बोलली नाहीस?"

"बारा वर्षांत विचारलंत कधी? किल्ली द्या."

माझी पावती फाडून झाल्यावर तिने गाडी वळवली, एका दमात, खड्डा आणि म्हशी दोन्ही चुकवून. संदीपने एकदा "वाह साईं" म्हटलं, ते मला उद्देशून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचा नकाशा काढला. सातातले पाच देश गेले, उरले दोन, आणि मध्ये आल्प्स. परवाना तिच्या नावावर निघाला, तिकडच्या गाडीवरही तिचंच नाव लागलं. मग वहीच्या कागदावर कामांची वाटणी लिहून तिने फ्रिजवर लावली. गाडी चालवणे, सुजाता. रस्ता दाखवणे, फोन. फोन चार्ज करणे, संदीप. माझ्या नावापुढे तिने सुवाच्य अक्षरांत लिहिलंय, "गप्प बसणे."

निघायला तीन आठवडे उरलेत. मी रोज सराव करतोय, पण अजून दहा मिनिटांच्या वर जमत नाही.