न फोडलेली क्वार्टर

टाकीत उतरायचं तर आधी घशाखाली आग गेली पाहिजे, असं डोंबिवलीच्या त्या रंगाच्या कारखान्यात सगळेच मानत. दारूनं गॅस मरतो म्हणे. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कामगारांचा त्यावर विश्वास होता आणि साहेबांची त्यात सोय होती.

गोमाजी तांडेल शहाऐंशी साली तिथं हेल्पर म्हणून लागला, तेव्हा तो दारूला शिवत नव्हता. खाडीकाठच्या कोळीवाड्यात हे नवलच. होळीला भाऊबंद म्हणत, "गोमाजी बामणाच्या घरात जन्मायचा, चुकून होडीत पडला." तो नुसता हसायचा. बापाची होडी होती, पण खाडीत मासळी उरली नव्हती. जाळ्यात यायची तिला रॉकेलचा वास. म्हणून कारखाना. बायको सगुणा भाऊच्या धक्क्यावरून माल आणून डोंबिवलीच्या बाजारात विकायची.

कारखान्याच्या मागं सांडपाण्याची टाकी होती, जमिनीत दोन पुरुष खोल. तळाशी काळानिळा गाळ बसायचा, डांबरासारखा चिकट. त्यात फावडं मारलं की रुततं, नुसता जोर लावून निघत नाही. मनगट फिरवून आधी गाळाची पकड मोडावी लागते, मग उचलायचं. बादली काठोकाठ भरायची नाही, नाहीतर वर ओढताना सांडते ती आपल्याच डोक्यावर. गोमाजीचे खांदे जाळं ओढून तयार झालेले. त्याला हे पहिल्याच खेपेला जमलं, आणि जमलं म्हणून ते कायमचं त्याच्याच गळ्यात पडलं.

शिफ्टचे इनचार्ज करंदीकर साहेब ठाण्याला वर्तकनगरात राहायचे. आवाज न चढवता बोलणारा माणूस. टाकी उपसायची त्या दिवशी ते स्वतः देशीची क्वार्टर मागवून घेत.

"मी घेत नाय साहेब," गोमाजी पहिल्या वेळी म्हणाला.

"औषध समज. आत आडवा झालास तर तुझ्या बायकोला उत्तर मी द्यायचं का?"

गोमाजीनं औषध घेतलं. टाकीत उतरल्यावर त्याला कळलं की दारूनं गॅस मरत नाही, नाक मरतं. पण त्यानं काम होत होतं. आधी तो टाकीच्या दिवशी प्यायचा. मग टाकीच्या आदल्या संध्याकाळी प्यायला लागला. पुढं टाकीचं कारणही लागेनासं झालं.

नव्वद साली एका पिऊन आलेल्या कामगारानं भलताच व्हॉल्व्ह उघडला आणि दोघं भाजले. मालक मुंबईहून आले, दारूवर भाषण करून गेले. त्यानंतर गेटवर रामा वॉचमन काचेची नळी घेऊन उभा राहायला लागला. नळीत पिवळे खडे, पुढच्या टोकाला फुगा. नळीतून फुंकून फुगा भरायचा. खडे हिरवे झाले की माणूस घरी. साहेब लोक ऑफिसच्या दारानं आत जात. तिथं नळी नव्हती.

"फुंक तांडेल, शंख समज," रामा म्हणायचा. "देव पावला तर पगार चालू."

गोमाजीचे खडे हिरवे झाले. पहिल्यांदा सस्पेंड. दुसऱ्यांदा कंपनीनं त्याला दारू सोडवायला ठाण्याच्या इस्पितळात पाठवलं आणि बजावलं, तिसऱ्यांदा सापडलास तर नोकरी गेली.

तिथं त्याचे हात असे थरथरत की चहा बशीत, बशीतून लुंगीवर. सगुणा बाजार बंद ठेवून उशाशी बसली. "कंपनीनं बाटली दिली, कंपनीच काढून घेते," ती म्हणाली. "मधल्यामधी माझा नवरा फुकट मिळाला त्यांना." घरी आल्यावर तिनं नेम धरला. रोज संध्याकाळी तो दारात आला की म्हणायची, "तोंड दाखवा." मासळीचे कल्ले उघडून बघावेत तशी ती वास घ्यायची आणि मगच पाण्याचा तांब्या द्यायची. गोमाजीला आधी त्याचा राग यायचा. नंतर तो आपण होऊन तिच्यापुढं उभा राहायला लागला. वर्ष गेलं. सकाळी रामाचे खडे पिवळे, संध्याकाळी तांब्या.

त्या वर्षात टाकीत दुसरेच उतरले. त्यांनी वरवर खरवडलं, तळ तसाच राहिला. एके दिवशी निरोप आला की उद्या प्रदूषणवाले तपासायला येणार. करंदीकरांनी गोमाजीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर क्वार्टर होती.

"तळ काढायचाय. तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

"काढतो साहेब. पण ही नको. मी सोडली."

"अरे, आजच्या दिवस. मी सांगतोय ना?"

"तुम्ही सांगताय, पण नळी रामाच्या हातात आहे. त्यापेक्षा मास्क द्या."

मास्क होते. ऑफिसात काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेले, पाहुण्यांना दिसतील असे. किल्ली सेफ्टी ऑफिसरकडं, आणि तो मंगळवार म्हणून टिटवाळ्याला गणपतीला गेलेला.

"बघ, तुझी मर्जी," करंदीकर म्हणाले. "काम मात्र आजच झालं पाहिजे." त्यांनी क्वार्टर ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला.

गोमाजी नाकाला ओला पंचा बांधून कोरडा उतरला. त्या टाकीत रंग धुतलेलं स्पिरिट यायचं. पूर्वी नाक मेलेलं असायचं, आज ते जिवंत होतं. गोडसर, बोचरा वास डोळ्यांत, दातांत, पोटात जात होता. थोड्या थोड्या वेळानं तो शिडीवर चढून तोंड बाहेर काढायचा, ओकायचा आणि परत उतरायचा. अर्ध्यावर सोडता आलं असतं. त्यानं सोडलं नाही. संध्याकाळी तळाची फरशी दिसली, तेव्हाच तो वर आला.

गेटवर त्याचे पाय ठरत नव्हते. जीभ जड, डोळे लाल. त्या महिन्यात बाहेर पडतानाही नळी लावत. रामानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि थट्टा न करता नळी पुढं केली. दिवसभर छातीत भरलेलं स्पिरिट फुग्यात गेलं. नळीला स्पिरिट काय आणि दारू काय, सारखंच. खडे हिरवे झाले.

"मी नाय घेतली, रामा. साहेबांना विचार. बाटली त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. बूचसुद्धा फोडलेलं नाय."

"तुझी बाटली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये?" रामा म्हणाला. "वेड्या, हे दुसरीकडं बोलू नकोस."

घरी सगुणानं वास घेतला. बराच वेळ घेतला. "ही दारू नाय," ती म्हणाली. "ही कंपनी आहे." आणि तांब्या दिला.

चौकशीला मॅनेजर, करंदीकर आणि युनियनचा माणूस होते. युनियनवाला आधीच सांगून मोकळा झाला होता, दारूच्या केसमध्ये आम्ही पडत नाही. मॅनेजरनं करंदीकरांना विचारलं.

"त्या दिवशी मी याला दारू दिलेली नाही," करंदीकर म्हणाले.

अक्षर न अक्षर खरं होतं.

"साहेब," गोमाजी म्हणाला, "द्यायला काढली होती ना? मी घेतली नाय, एवढंच सांगा."

पण एवढं सांगायचं तर बाटली कंपनीत कोणी आणली तेही सांगावं लागलं असतं. करंदीकरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

गोमाजीची नोकरी गेली. कोळीवाड्यात कोणी त्याला दोष दिला नाही, हेच त्याला जास्त लागलं. सगळे धरूनच चालले होते की तो प्यायला असणार. बापाची होडी काढून त्यानं खाडीत जाळं टाकून पाहिलं. आलं ते कुत्र्यानंही हुंगून सोडलं.

पुढं कंपनीनं टाकीचं काम कंत्राटावर दिलं. कंत्राटदार मारुती गोमाजीच्या घरी आला. "गोमाजीदादा, तळ काढणारा माणूस पाहिजे."

"मला गेटवर घेणार नाहीत."

"आपली माणसं मागच्या गेटनं जातात. कंत्राटी माणसाला कोण हुंगतंय?"

मागच्या गेटला खरंच नळी नव्हती. टाकीच्या काठावर मारुतीनं त्याच्या हातात क्वार्टर ठेवली. गोमाजीनं ती हातातच धरली. तेवढ्यात करंदीकर तिथून गेले, नाकाला रुमाल लावून. त्यांनी गोमाजीकडं बघितलं नाही.

"मारुती, तळापर्यंत काढून घे," ते म्हणाले. "मागच्या वेळी चांगला निघाला होता."

गोमाजीनं बूच फोडलं.

संध्याकाळी तो दारात आला. सगुणा टोपली धूत होती. हात पुसून ती उठली. "तोंड दाखवा."

तो तिच्या बाजूनं आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. सगुणानं त्याच्यासाठी भरलेला तांब्या टोपलीवर ओतला आणि पुन्हा धुवायला बसली.