झाडावरची आचल

कल्पना करा, नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्याचं पाळणाघर तुमच्या हाती दिलंय. पलीकडे यंत्रं धडधडताहेत, आया शिफ्टवर आहेत आणि चटईवरच्या पोरांना एकच हवंय : बकासुराकडे निघालेली बैलबंडी आज कुठवर पोचली? बंडीत भाताच्या ढिगामागे भीम लपलाय, सोबत ही सगळी पोरं. एकाचं जरी नाव विसरलात, तरी रडारड सुरू.

मनकर्णा मावशी हे काम रोज करतात. त्यांचा एक नेम आहे. जे पोर आलं नाही, ते गोष्टीत चिंचेच्या झाडावर चढून बसतं. त्या झाडावर राक्षसाचं काही चालत नाही. पोर परत आलं की मावशी बंडी थांबवतात, सगळे मिळून त्याला खाली उतरवतात, मगच बैल हलतात.

उन्हाळ्यात आचलला कावीळ झाली. ती बरेच दिवस झाडावरच होती.

"तिले भूक नाही लागत का?" पोरं विचारायची.

"चिंचा खाऊन राहिली ना!"

त्याच दिवसांत ऑफिसातली प्रणाली पोरांमध्ये येऊन बसू लागली. तुमच्या गोष्टीचा व्हिडिओ करू, म्हणाली. मावशींनी हौसेनं सगळं सांगितलं, झाडाचा नेमसुद्धा.

व्हिडिओ आला. चित्रं झकास होती. पण त्यात बकासुर चिंच गदागदा हलवतो, आचल खाली पडते आणि तो तिला गिळतो. पोरांनी आयांच्या फोनवर तो पुन्हा पुन्हा पाहिला.

आचल बरी होऊन आली, तेव्हा पिंटू दारातच ओरडला, "अवं, तुले तं खाल्लं ना बकासुरानं!"

मावशी घाईनं म्हणाल्या, "चला रे, उतरवा तिले." कोणी उठलं नाही.

आचल आईची ओढणी सोडेना. "मावशी, तुमी तं म्हने झाडावर काही होत नाही."

ती आत आलीच नाही. आईनं तिला अकोल्याला आजीकडे ठेवलं.

मावशी प्रणालीकडे गेल्या. "आजारी पोरगी होती वं ते. काहून बकासुराले खाऊ घातली?"

"मावशी, गोष्टच तर आहे. थोडा थरार नको का?"

"नाव तरी बदलतीस."

"राहून गेलं हो."

बंडी अजून रोज निघते. पण गैरहजर पोराचं नाव आलं की कोणीतरी विचारतंच, "वाचला का तो?"

मावशींना मात्र प्रणालीला एकच विचारायचं आहे. "म्या झाडाचं सांगतलं, तवा तू हसून मान डोलवून राहिली होती. तवाच तुह्या मनात तिले पाडायचं होतं का वं?"