शेजारणीची माळ

भीतीने माझी मती फिरली होती, एवढेच मी स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. बोईसरच्या चाळीत आमच्या शेजारी राहणारी वसईकडची ख्रिस्ती बाई रोज तिन्हीसांजेला ओट्यावर जपमाळ घेऊन बसे. प्रार्थना मोठ्याने चाले आणि मध्येच, "हुश् मेले! सुकट खाते बघ!" म्हणून कोंबडीही हाकली जाई. तिचा नवरा तारापूरच्या बांधकामावर उंच परांचीवर असे. तो घरी येईपर्यंत माळ हातातून सुटत नसे.

"भीती नाही वाटत?" माझ्या बायकोने एकदा विचारले होते.

"वाटते की! म्हनून तं त्याला सांगते," ती आभाळाकडे बघून म्हणाली होती.

पुढे बायकोच तापाने पडली. ताप उतरेना. पालघरहून आलेले डॉक्टर जाताना माझ्याशी नीट बोललेही नाहीत. संध्याकाळी पाहतो तर शेजारीण आमच्या दाराशी गुडघे टेकून माळ ओढते आहे. तिला असे गुडघ्यांवर मी एकदाच पाहिले होते, तिच्या सासऱ्याच्या प्रेताजवळ.

"ती जिवंत आहे अजून! ऊठ इथून!" मी ओरडलो.

"जिवंत हाय म्हनूनच मागते ना, भाऊ," ती म्हणाली. आपल्या ओट्यावर जाऊन तिने माझ्या बायकोचे नाव घेत पुन्हा सुरुवात केली.

ताप तसाच होता. मला आत एकट्याने बसवेना. प्रार्थना संपल्यावर तिची मुले नेहमीप्रमाणे हात जोडून आशीर्वादासाठी तिच्यासमोर उभी राहिली. त्यांच्या मागे मीही जाऊन उभा राहिलो.

"बाय, चुकलो मी," म्हणालो. "आत येऊन तिच्यापाशी बस."