बाहेरून घातलेली कडी

माझ्या एका विद्यार्थिनीच्या चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन माझ्या हस्ते व्हावे, असा तिच्या आईचा आग्रह होता. निमंत्रण घेऊनही आईच आली. उरणकडचे, खाडीकाठी मासेमारी करणारे त्यांचे घर; मासळीचा बाजार आटोपून ती थेट माझ्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, दिवा तुमीच लावायचा. नाय म्हनायचं नाय."

मी पनवेलच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. नाही म्हणायला मला कारण सापडले नाही.

विद्यार्थिनी आता खारघरच्या एका महाविद्यालयात कला शिकवते. पत्रिकेवर 'गॉथिक शैलीने प्रेरित, कागदावरील मिश्र माध्यमातील चित्रे' असे छापले होते. तयारीवाचून मी वर्गात कधी गेले नाही, त्यामुळे भाषणाचीही टिपणे काढली. गॉथिक ही मुळात मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या बांधकामाची एक पद्धत. तिची ओळख टोकदार कमानीवरून पटते. अर्धगोल कमान वरचा भार बाजूंना ढकलते. टोकदार कमान तो बराचसा सरळ खाली उतरवते, म्हणून भिंती उंच नेता येतात आणि त्यांत मोठ्या खिडक्या ठेवता येतात. पुढे तसल्या जुन्या, ओसाड इमारतींत घडणाऱ्या भयकथांनाही तेच नाव मिळाले. मिश्र माध्यम म्हणजे शाई, कोळसा, कापलेला कागद, दोरा असे निरनिराळे साहित्य एकाच चित्रात वापरणे. हे पाच मिनिटांत सांगायचे आणि खाली बसायचे, असे मी ठरवले.

कलादालन म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची लांबट खोली होती. प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकले होते. मी चित्रांची यादी हातात घेतली आणि क्रमांक एकपासून पाहायला सुरुवात केली. पहिल्या चित्रात कर्नाळा किल्ल्याचा सुळका चर्चच्या मनोऱ्यासारखा आभाळात घुसला होता. पुढच्या काहींत तिने वडिलांचे जुने जाळे शाईत बुडवून कागदावर दाबले होते आणि त्या ठशांतून खिडक्यांची नक्षी उमटवली होती. मला मनापासून आनंद झाला. माझ्या मागे तिचे दोन विद्यार्थी बोलत होते.

"हे बघून मला रात्री झोपच नाही येणार."

"लेक्चरमध्ये येते ना तुला, तेवढी पुरे."

अकराव्या चित्रापाशी मी थांबले. आतून दिसणारी उंच, टोकदार खिडकी आणि तिच्याखाली बंद दार. कागदावर जुने, पिवळे पडलेले कागद थरांनी चिकटवलेले होते आणि कोळशाच्या काळोखातून लाल अक्षरे वर आली होती. मी चष्मा सारखा केला. 'काळा रंग कमी वापर.' 'पुन्हा काढ.' खाली, उजव्या कोपऱ्यात, तारीख आणि सही. सही माझी होती. दाराच्या दोन फळ्यांमध्ये एक फट होती, आणि त्या फटीत सोनेरी वर्खाची एक आडवी रेघ. बाहेरून घातलेली कडी.

येथे मागचे सांगणे आवश्यक आहे. ती नववीत असताना ग्रेड परीक्षेची तयारी चालू होती. स्मरणचित्र दिले की ती सगळा कागद काळा करी. मी तिला मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत बसवून चित्र पुन्हा काढायला लावी. इतर मुलांचा व्यत्यय नको म्हणून बाहेरून कडी घाली. अनेक मुलांच्या बाबतीत मी असेच केले. मी त्याला एकाग्रता म्हणत असे. एके दिवशी सुट्टी संपताच शाळा तपासणीसाठी मला कार्यालयात बोलावले आणि मी तिला विसरले. शाळा सुटल्यावर, फाटकापाशी, मला आठवले. खोली इमारतीच्या टोकाला होती. तिने हाका मारल्या होत्या का, हे मी विचारले नाही. ती भिंतीशी बसली होती. चित्र पूर्ण होते. तिचा स्कर्ट ओला झाला होता. "घरी सांग, रंगाच्या पाण्याचा मग सांडला," असे मीच तिला पढवले. तिला न्यायला आलेल्या आईला मी म्हणाले, "आज जादा तास घेतला." आईने मला तिथेच, रस्त्यावर, वाकून नमस्कार केला होता.

"अकरा नंबर पाहिलंत, बाई?" माझी विद्यार्थिनी शेजारी येऊन उभी होती.

"पाहिले."

"तुम्हाला अडकवायचं नव्हतं मला. आईनं परस्पर बोलावलं तुम्हाला. तिला यातलं काही माहीत नाही."

"मग हे आज बाजूला ठेवायचे होतेस."

"तीन वर्षं बाजूलाच ठेवलं होतं."

तेवढ्यात पाहुणे आले. दिवा लावला, शाल आणि श्रीफळ झाले. मला पहिल्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत बसवले. माझ्या शेजारी पाहुणे, त्यांच्या पलीकडे आई. नाव पुकारल्यावर मी उठले. टोकदार कमानीचा भार नीट समजावला. मिश्र माध्यमही समजावले. टिपणे संपली आणि तरीही मी उभी होते. समोर आई हात जोडून ऐकत होती.

मी म्हणाले, "अकराव्या चित्रातली लाल अक्षरे माझी आहेत. ती कडी मी घातली होती. या मुलीला मी कोंडले आणि विसरले."

कोणीतरी हसले आणि सगळी खोली हसली. टाळ्या पडल्या. निवेदक माइक घेऊन म्हणाला, "बघा! अशी शिस्त लावणारे शिक्षक आता कुठे राहिले?"

"विनोद नाही," मी म्हणाले. पण माइक त्याच्याकडे होता.

आई उठली. तिने मुलीचा दंड धरून तिला माझ्यासमोर आणले. "पड, बाईंच्या पाया पड. बाई नसत्या तर तू खाडीवरच बसली असतीस."

मुलगी वाकली नाही. तिने आईचा हात हळूच सोडवला. "आई, बाई खरं सांगतायत."

"काय खरं?"

"जादा तास नव्हता तो."

आईने माझ्याकडे पाहिले. टाळ्या चालूच होत्या. ती जवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू तिने विचारले, "मग ते रंगाचं पानी, बाई?"

"ते पाणी नव्हते," मी म्हणाले. "तसे सांगायला मीच तिला शिकवले होते."

"किती वेळ व्हती आत?"

"मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत."

ती वळून अकराव्या चित्रापाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मुलगी तिच्या मागे गेली. आईला वाचता येत नाही. मुलगी एकेक लाल अक्षर बोट ठेवून वाचून दाखवत असावी, कारण तिचे बोट कागदावरून सरकताना दिसत होते.

पाहुण्यांचे भाषण सुरू झाले. त्यांनी दोनदा माझा गौरवाने उल्लेख केला आणि लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मला निघून जायचे होते. खोलीला दार एकच होते, ते अकराव्या चित्राच्या पलीकडे, आणि तिथवर जायचे तर त्या दोघींच्या अगदी मागून जावे लागणार होते. मी बसून राहिले.