विहारातला नारळ

संघमित्रा "बरं" म्हणाली की समजावं, बाई संतापली आहे. तिचा आवाज चढत नाही, कपाळाला आठी पडत नाही. नुसतं "बरं" म्हणते आणि कामाला लागते. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माझं टेबल तिच्या शेजारी आहे, त्यामुळे तिचं "बरं" माझ्याइतकं कोणी ऐकलं नसेल.

आमची कंपनी आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. मी हिशेबाला आणि संघमित्रा क्लेमला. तिचे वडील परभणीकडचे. दुष्काळात बायकोला घेऊन मुंबईला आले आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून चिकटले. ही कांजूरमार्गलाच जन्मली, पालिकेच्या मराठी शाळेत शिकली, दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात बीकॉम झाली. मीसुद्धा मराठी शाळेचीच, गिरणी कामगाराची मुलगी. साहेब इंग्रजीत भरभर बोलायला लागले की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो. फरक एवढाच की मी गप्प बसते आणि ती हळूहळू का होईना, इंग्रजीतच उत्तर देते.

तिला एकच गोष्ट हवी होती, टीम लीडरची जागा. हट्ट नव्हता, हक्क होता. नितेश नवा आला तेव्हा क्लेम कसा वाचायचा हे हिने त्याला शिकवलं, आणि वर्ष-दीड वर्षात तो हिच्या रजा मंजूर करायला लागला. एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आली की मात्र कंपनीला संघमित्रेची आठवण यायची. "मॅम, स्टेजवर दोन शब्द बोला ना, तुमच्या संघर्षाबद्दल." पोस्टरवर हिचा फोटो, बढतीच्या यादीत नितेश.

मागच्या वर्षी नितेशची पुण्याला बदली झाली आणि जागा रिकामी झाली. त्याच सुमारास वरून नवा नियम आला. सगळ्यांनी सर्वसमावेशकतेचा कोर्स करायचा आणि समाजसेवेचे तास भरायचे, त्याशिवाय लीडर होता येणार नाही. कोर्स संगणकावरच होता. चित्रातली गोरी माणसं एकमेकांचे हात धरून हसायची, मग प्रश्न यायचा की सहकारी आपल्याहून वेगळा असेल तर तुम्ही काय कराल? खाली तीन उत्तरं. दोन उत्तरं इतकी मूर्खपणाची की माझ्या शाळेतल्या नातवानेही तिसऱ्यावर बोट ठेवलं असतं. संघमित्रेने तो कोर्स जेवणाच्या सुट्टीत उरकला. राहिले तास.

आता गंमत बघा. ही बाई गेली कित्येक वर्षं दर रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवते. ती उठून केतनकडे गेली. केतन म्हणजे आमच्या एचआरमधला मुलगा, बोरिवलीचा. मुलगा वाईट नाही आणि तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर सरळ भांडता आलं असतं.

"मॅम, ते काउंट नाही होत ना," केतन म्हणाला.

"का?"

"ती तुमची स्वतःचीच कम्युनिटी ना. सेवा म्हणजे दुसऱ्याची. आपल्या घरात आपण झाडू मारला तर ती सेवा थोडीच?"

"बरं," संघमित्रा म्हणाली.

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांना मेल आला. शनिवारी कंपनीची बस निघणार, समाजसेवेला. ठिकाण, कांजूरमार्गच्या वस्तीतली एक अभ्यासिका. संघमित्रेने पत्ता दोनदा वाचला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिचंच विहार! कुठल्या संस्थेकडून केतनला ते नाव मिळालं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ओ की ठो माहीत नव्हतं.

ती परत त्याच्याकडे गेली. "केतन, शनिवारी मी येतेय. हे तास तरी धरशील ना?"

केतन खूश झाला. "अरे वा मॅम, म्हणजे तुम्ही तर होस्ट!" मग त्याचा चेहरा पडला. "पण होस्टचे तास... ते कसे लावू?"

म्हणजे अंधेरीहून एसी बसमधून येणारे सेवक, आणि चालत येऊन चटया अंथरणारी ही पाहुणचार करणारी. आता काय बोलायचं?

शनिवारी मीही गेले, तिच्यासाठीच. बसमधून आम्ही सगळे पिवळे टी-शर्ट घालून उतरलो. एवढ्या अरुंद गल्लीत इतकं पिवळं बघून कुत्री भुंकायला लागली. विहार छोटं पण लख्ख. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, एका भिंतीवर संघमित्रेने मोठ्या अक्षरांत रंगवलेले पाढे. मुलं अंघोळी करून, केस चप्प बसवून रांगेत बसली होती. व्यवस्था बघणारे खंडूकाका दारात उभे होते.

केतनने पिशवीतून ताट काढलं. ताटात हळद, कुंकू, लाल रिबीन, कात्री आणि मधोमध शेंडीचा नारळ. "शुभकाम आहे, नारळ तर पाहिजेच," म्हणत तो फोडायला दगड शोधायला लागला.

खंडूकाका दारातून पुढे आले.

मी दर गुरुवारी दत्ताला नारळ वाहते. माझा नारळावर राग असायचं काही कारण नाही. पण कोणाच्या दारात गेलं की आधी त्या घराची रीत विचारायची, एवढं माझ्या चौथी शिकलेल्या आईने मला शिकवलं होतं. ह्या मुलाने तर वेगळेपण स्वीकारायचा कोर्स शंभर माणसांना करायला लावला होता!

"केतन," संघमित्रा शांतपणे म्हणाली, "इथे नारळ फोडत नाहीत."

"ओह, सॉरी मॅम. मग काय फोडतात?"

हे त्याने अगदी मनापासून विचारलं. खंडूकाकांनी त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. "काहीच फोडत न्हाईत बाबा. मेणबत्ती लावतात, वंदना म्हणतात, मग पोरं अभ्यासाला बसतात."

मी पुढे होऊन नारळ माझ्या पिशवीत टाकला.

तेवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायलाही बसले नसते. आमच्या लोकांनी रंगाचे डबे उघडले आणि भिंतीवर इंद्रधनुष्य काढलं. भिंत कुठली? पाढ्यांची. मी ओरडेपर्यंत दोनपासून नऊपर्यंतचे पाढे इंद्रधनुष्याखाली गेले होते. दहाचा राहिला, तो तसाही कोणाला पाठ करावा लागत नाही. मग खाऊची पाकिटं वाटली. वाटणारा मुलगा नवीन होता. संघमित्रेने टी-शर्ट घातला नव्हता, ती मुलांमध्ये बसली होती. त्याने तिच्यासमोरही पाकीट धरलं. "दीदी, आपका भी."

तिने घेतलं. "बरं," म्हणाली.

परत येताना बसमध्ये मांडीवर नारळ घेऊन मी देवाला म्हटलं, तू तरी बघतोयस ना हे सगळं? देव गप्प होता. बहुतेक त्याचाही होस्ट झाला असावा.

घरी नारळ खवताना डोक्यात आलं. मुलुंडला आमच्या दत्तमंदिरात बायकांचं भजनी मंडळ आहे. भजन झाल्यावर म्हाताऱ्या बायकांना मी मोबाइल वापरायला शिकवते. माझेही तास धरत नाहीत, कारण त्या माझ्याच बायका.

सोमवारी आल्या आल्या संघमित्रेला म्हटलं, "तू माझ्या बायका घे, मी तुझी पोरं घेते."

"देवळात? मी?"

"देवळाच्या मागच्या खोलीत. आणि भजन म्हणायला नाही गं, मोबाइल शिकवायला."

"रत्नाताई, आणि कोणी काही बोललं तर?"

"तर मी आहे."

म्हटलं खरं, पण पहिल्या रविवारी मलाच धाकधूक होती. म्हणून मीही तिच्याबरोबर थांबले. आमच्या चंपामावशी देवगडच्या, तोंडाच्या फटकळ. संघमित्रा बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "आडनाव काय गो तुजा?"

संघमित्रेने आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि कोणी न विचारता म्हणाली, "आम्ही बौद्ध." कोपऱ्यातल्या एक बाई पिशवी उचलून निघून गेल्या. त्यांच्या बाजूला बसून गेली दहा वर्षं मी टाळ वाजवते. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

चंपामावशींनी आपला फोन संघमित्रेच्या हातात दिला. "जाऊंदे तिका. माज्या झिलाक व्हिडिओ लागना नाय, तां आधी बघ."

झिलाचा, म्हणजे मुलाचा, व्हिडिओ कॉल लागला. मावशींनी भर खोलीत त्याला जेवलास का, म्हणून झापलं. पुढच्या रविवारी त्या दोन शेजारणींना घेऊन आल्या. निघून गेलेल्या बाई मात्र परत आल्या नाहीत. समोर दिसल्या की मला जय श्रीराम म्हणतात, मीही म्हणते. त्यापुढे बोलणं नाही.

मी विहारात जायला लागले. चपला बाहेर काढून, वंदनेला मुलांबरोबर हात जोडून उभी राहते. माझ्या दत्ताने अजून तरी काही मनाला लावून घेतलेलं नाही. पहिलं काम काय केलं असेल, तर खंडूकाकांनी आणि मी मिळून त्या इंद्रधनुष्यावर काळ्या रंगाने पाढे परत लिहिले.

केतनला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "मॅम, हे तर झकास आहे! दोघींचे तास धरले." म्हणजे तेच काम, त्याच दोघी, फक्त स्टेशनं बदलली आणि सेवा झाली. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. त्याहून जास्त राग ह्याचा की संघमित्रा मुलुंडला आली हे चांगलंच झालं होतं, आणि ते त्या मूर्ख नियमामुळे झालं होतं.

तास भरले. मुलाखत झाली. जागा संघमित्रेला मिळाली. साहेबांनी हात मिळवून सांगितलं की पोस्टरसाठी एक फोटो हवा. ती म्हणाली, "फोटो आहेत तुमच्याकडे बरेच."

दुसऱ्या दिवशी ती आली तर तिच्या नव्या टेबलावर छोटी बुद्धमूर्ती, आणि पुढे पेटलेली मेणबत्ती, चक्क कॉम्प्युटरच्या वायरींना लागून. शेजारी केतन हात जोडून उभा. "मॅम, या वेळी बरोबर आहे ना? तुमची पद्धत."

सगळं ऑफिस बघत होतं. संघमित्रेने मूर्तीला नमस्कार केला आणि मेणबत्ती उचलून खिडकीत ठेवली.

"केतन," ती म्हणाली, "बढती मिळाली की आमच्यात पेढे वाटतात."

"पेढे? तुमच्यातही?"

"बरं," संघमित्रा म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी पेन खाली ठेवलं आणि केतनला म्हटलं, "जा बाबा, पळ. अर्धा किलो आण."