नळी गिळण्याआधी

सांगलीतल्या एका दवाखान्यात पोटात दुर्बिणीची नळी घालून तपासणी सुरू झाली, ती एकोणीसशे सत्तरनंतर चार-पाच वर्षांनी. पेशंटचा हात धरून उभं राहायचं काम अंजनाकडे आलं. नवरा गेल्यापासून ती तिथं आया होती. डॉक्टर नळीकडे बघत, अंजना माणसाकडे.

"रातीपासनं पाणीबी घेतलं न्हाई न्हवं? कवळी असली तर काढा. घशात कडू औषध मारतील, घसा बधीर हुईल. डाव्या कुशीवर पडा, नाकानं श्वास घ्या, लाळ गळली तर गळू द्या. धा मिन्टाचं काम. दोन तासानं च्या प्या आन् जावा घरला."

तिच्या ह्या सुरावर दांडगे फौजीसुद्धा मुकाट नळी गिळत.

पुढच्या चैत्रात अंजनाची थोरली बहीण दगडाबाई शिराळ्याहून आली. तिला घास अडकत होता, चोळ्या ढिल्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची सकाळ दिली. आक्काचं सासर उसाच्या मळ्याचं. लोकांची घाण काढणारी म्हणून पुतणीच्या लग्नात तिनं अंजनाला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता ती अंजनाच्या खोलीत तांदळाची पेज पीत बसली होती.

"काय करत्यात गं उद्या?"

"काय न्हाई आक्का. जरा नळी घालत्यात."

"तुला काय कळतंय म्हणा. तू फरशी पुसणारी."

अंजनानं करंगळी पुढं धरली. "हिच्यापरास जाड. काळी. दोन हात लांब. उमासे येत्यात, डोळ्यातनं धारा लागत्यात, जीव घुसमटतो. एकानं तर उपटून टाकली आन् पळाला."

यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त दहा मिनिटांचं आणि चहाचं तिनं सांगितलं नाही. आक्काच्या हातातली वाटी थांबली. अंजनाला घटकाभर बरं वाटलं. ते बरं वाटणं ती पुढं कधी विसरली नाही.

सकाळी आक्कानं पिशवी भरली. "गावाकडं जाते. देवाला कौल लावते."

"आगं, धा मिन्टाचं काम हाय! मी हात धरते की."

"काल तर येगळंच सांगत हुतीस. आज डाक्टरची बाजू घ्याय लागलीस व्हय?"

अंजना एस. टी. स्टँडपर्यंत मागं मागं गेली. आक्का शिराळ्याच्या गाडीत चढली.

ती परत आली दिवाळी झाल्यावर, पाणीही उतरेना तेव्हा. निमूट डाव्या कुशीवर पडली. अंजनानं तिचा हात धरला. नुसती हाडं लागली. नळी अर्ध्यातच अडली. डॉक्टरांनी डोळा लावून पाहिलं, नळी हळूच बाहेर घेतली आणि अंजनाकडे न बघता हात धुवायला गेले.

आक्का बाहेरच्या बाकावर टेकली. बधीर घशातून तिचा आवाज नीट फुटत नव्हता.

"एवढंच हुतं व्हय गं, आंजे?"

अंजना पदरानं तिच्या हनुवटीवरची लाळ पुसू लागली. हिला ऐकू गेलं नाही असं वाटून आक्कानं जोर लावून पुन्हा विचारलं.