बनुबाईच्या पाचशे सुपाऱ्या

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे आणि वाडीच्या डोक्यावर देवीची राई. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आजवर कुणाच्या चुलीत गेलेली नाही. बनुबाई तिथली पुजारीण. वय सत्तरीच्या घरात, जीभ मात्र अशी की सरपंच सयाजीसुद्धा काकीपुढे दबकून बोलतो.

दिल्लीत जंगलाचा कायदा बदलला आणि त्याची झळ थेट इथवर आली. ज्याची कागदावर जंगल म्हणून नोंद नाही, त्याचं कवच गेलं. राईची नोंद होती नुसती 'पडीक'. देवीच्या जागेला कागद कशाला, म्हणून वाडवडिलांनी कधी लिहूनच घेतलं नव्हतं. खडी काढणाऱ्या एका ठेकेदाराने हे बरोबर हेरलं आणि जागेसाठी अर्ज ठोकला.

वनरक्षक आम्रपाली धावत वर आली. "आजी, राई सरकारी यादीत घालू या. पण झाडांचा आकडा लागेल, आणि मुदत परवा संपतेय."

अख्खी वाडी आडवी आली. देवीचं मोजायचं नाही, मोजलं की ओसरतं, हा इथला पिढ्यांचा नेम. "मोजलं नि काय इपरीत झालं तर कोन निस्तरनार?" सयाजी म्हणाला. धन्य ती माणसं! राई गेली तरी चालेल, नेम मोडता कामा नये.

बनुबाईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून सुपाऱ्या आणवल्या.

"यातल्या पाचशे मोजून दे गो," ती आम्रपालीला म्हणाली. मग गावाकडे वळली. "झाडं मी मोजत नाय. एकेका झाडाफुडं सुपारी ठेवून पाया पडते. पूजेला कुनाची हरकत हाय का रे?"

पूजेला कोण नाही म्हणणार! दुपार कलेपर्यंत सगळी वाडी अनवाणी तिच्यामागून पाया पडत फिरली. पिशवीत सत्त्याऐंशी सुपाऱ्या उरल्या. आम्रपालीने त्या मोजल्या आणि हसू दाबत वजाबाकी केली.

चार महिन्यांनी नोंदीचा कागद आला. ग्रामसभेत सयाजी मोठ्याने वाचू लागला, "वन, देवराई. झाडे चारशे..."

"गप!" बनुबाई कडाडली. "आकडा नको. राई तोडता येल का, तेवडं सांग."

"नाय काकी. परवानगीबिगर आता कुऱ्हाड नाय लागायची."

बनुबाईने पदर खोचला. अंगठा उठवण्यापलीकडे कागदाशी कधी संबंध न आलेली ती बाई सभेसमोर ताठ उभी राहिली.

"मग दिल्लीला कळव," ती म्हणाली, "आमची राई हाय."